घरची नड आणि शेजाऱ्याची कसोटी



सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे हे जन्मगाव. डिसेंबर २०२१ मध्ये या गावाचे नाव एका वेगळ्याच कारणाने देशभर पोहोचले. गावातील दत्तात्रय लोहार या कारागिराने मुलाची हौस पुरविण्यासाठी भंगारातील सुटे भाग जमविले आणि स्वतःच्या हातांनी एक छोटी चारचाकी गाडी उभी केली. तिला किल्ली फिरवून नव्हे, दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून सुरू करावे लागे. खर्च सुमारे ६० हजार रुपये. गाडीची चित्रफीत उद्योगपती आनंद महिंद्र यांच्या पाहण्यात आली. ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळे आज ना उद्या ती रस्त्यावर अडविली जाईल, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्या गाडीच्या मोबदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली. कमी साधनांत अधिक कसे साधावे, याचा नमुना म्हणून ती हस्तनिर्मित गाडी आपल्या संशोधन केंद्रात ठेवण्याची इच्छाही त्यांनी व्यक्त केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाच्या दारात बोलेरो उभी राहिली.

ही हकीकत ऐकून कोणालाही आनंद वाटेल. पण आनंद व्यक्त करून थांबणे हा आपल्या समाजाचा जुना स्वभाव आहे. एखाद्याने घरच्या घरी काही नवे घडविले की आपण त्याची पाठ थोपटतो, त्याचे छायाचित्र काढतो, 'काय डोके आहे!' असे म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. त्या वस्तूचे पुढे काय झाले, ती दुसऱ्या कोणाच्या घरी गेली का, तिच्यात काय दोष होता आणि तो कोणी दूर केला, या प्रश्नांपर्यंत आपण सहसा पोहोचत नाही. या व्याख्यानाचा विषय नेमका तोच आहे. घरच्या नडीतून यंत्र जन्माला येते, हे खरे. परंतु ते शेजाऱ्याच्या घरी, त्याच्या हातात, त्याला इजा न करता चालले, तरच ते समाजाचे होते. जन्माचे कौतुक आपण भरपूर केले. आता या दुसऱ्या कसोटीचा विचार करावयास हवा.

नियम कोणासाठी?

देवराष्ट्रेच्या गाडीला कायद्याची अडचण का यावी, असा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. एका गरीब कारागिराच्या कल्पकतेच्या आड सरकार का येते? या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चा आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा. त्यांनुसार वाहनाचा प्रत्येक नमुना रस्त्यावर येण्यापूर्वी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासला जातो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही अशीच एक संस्था. ब्रेक लागल्यावर गाडी किती अंतरात थांबते, दिवे कसे आहेत, धूर किती निघतो, हे तेथे मोजले जाते. आपल्या अंगणात गाडी चालविताना ब्रेक लागला नाही तर नुकसान आपले होते. रस्त्यावर तो लागला नाही तर नुकसान समोरून येणाऱ्या शाळकरी मुलाचे होते. त्या मुलाने आपल्या कल्पकतेला संमती दिलेली नसते. नियम त्या मुलासाठी आहे.

मात्र याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मोठ्या कारखान्याला चाचणीचा खर्च परवडतो. गावच्या लोहाराला तो परवडत नाही. त्यामुळे एकीकडे कल्पकता आणि दुसरीकडे कसोटी अशी दोघांची ताटातूट होते. ही ताटातूट मोडण्याचे काम ज्यांनी ज्यांनी केले, त्यांच्या कामातून उद्योग उभे राहिले. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण याच भूमीत, देवराष्ट्रेपासून फार दूर नाही, अशा ठिकाणी सापडते.

निवडुंगाच्या माळावर

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी त्यांचे मूळ एकच आहे. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झालेला जिल्हा १९६० मध्ये सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याआधी या मुलुखात औंध, सांगली, मिरज, फलटण अशी संस्थाने विखुरलेली होती. त्यांपैकी औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने १० मार्च १९१० रोजी कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर एक कारखाना सुरू झाला. माळावर निवडुंग माजलेला आणि सापांचा सुळसुळाट. तेथे मूठभर कामगारांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव किर्लोस्कर आले. आज पलूस तालुक्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण डोळ्यांना रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही, हे लक्षात आल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अध्यापन केले. हक्काची बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावी आले. तेथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. त्या दुकानाच्या जोडीनेच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांचा उद्योग आकाराला आला.

लोखंडी नांगराची कथा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगराचा वळणदार पत्रा मातीचा थर कापून उलटा करतो. हरळी आणि कुंदा यांसारख्या चिवट तणांची मुळे त्यामुळे उन्हात उघडी पडतात. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हा लाभ डोळ्यांना दिसण्याजोगा होता. तरीही पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडामुळे जमीन विषारी होईल, अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात होती.

त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यांच्या जागी उभे राहून पाहावे. वर्षाचे अन्न देणारी जमीन एकच आहे. एका अनोळखी वस्तूच्या भरवशावर ती पणाला लावावयाची आहे. त्यांची शंका चुकीची ठरली, पण शंका घेण्याचा त्यांचा अधिकार चुकीचा नव्हता. लक्ष्मणरावांचे मोठेपण असे की, शेतकऱ्याला दोष देत ते थांबले नाहीत. नांगर शेतात उतरवून, तो चालवून दाखवून आणि त्याच्या कारागिरीत सुधारणा करीत त्यांनी शेजाऱ्याची कसोटी पार केली. घरच्या ओसरीवरचे यंत्र आणि उद्योग यांमधले अंतर या दोन वर्षांत कापले गेले.

सातारा जिल्ह्यातही असाच एक प्रयत्न झाला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला. तेथे तयार झालेला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या खुंटीवर लटकला. कंदिलाचा पत्रा वर्षानुवर्षे टिकतो, पण काच मुलाच्या एका धक्क्याने फुटते. म्हणून कंदील विकणाऱ्याला काच करता येणे ही मोठी गोष्ट होती. जी वस्तू मोडल्यावर गावात दुरुस्त होत नाही, ती कितीही सुबक असली तरी गरिबाच्या घरात फार काळ राहत नाही. तो कारखाना पुढे बंद पडला, वीजही आली. पण हा धडा जुना झालेला नाही.

एक लाख रुपयांच्या चरख्याच्या अटी

घरगुती यंत्र कसे असावे, याविषयी भारतात एकदा अगदी नेमका विचार झाला होता. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्या काळचे एक लाख म्हणजे केवढी मोठी रक्कम, हे वेगळे सांगावयास नको. परंतु पारितोषिकापेक्षा त्याच्या अटी अधिक लक्षात ठेवण्याजोग्या होत्या. यंत्राची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. खेड्यातील झोपडीत ते चालावे. एखाद्या स्त्रीला सलग आठ तास चालविताना फार थकवा येऊ नये. ते २० वर्षे टिकावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये.

या स्पर्धेसाठी किर्लोस्करवाडीत घडलेले एक यंत्रही पुढे आले होते. परीक्षकांच्या कसोटीला ते पूर्णपणे उतरले नाही आणि पारितोषिक कोणालाही मिळाले नाही. म्हणून तो प्रयत्न वाया गेला असे मानण्याचे कारण नाही. किंमत, जागा, थकवा, आयुष्य आणि दुरुस्ती या पाच बाजूंनी यंत्राकडे पाहावे, हे त्या अटींनी शिकविले. यंत्र वापरणाऱ्या स्त्रीची दमछाक ही परीक्षेची बाब मानली गेली, हे त्यातले विशेष. आज दुकानात मिळणाऱ्या किती वस्तूंना या पाच कसोट्या लावल्या जातात, याचा प्रत्येक गृहिणीने आपल्या स्वयंपाकघरात उभे राहून विचार करावा.

रात्रीची लाईट

आता आजच्या काळाकडे, शेतातल्या विहिरीकडे वळू. कृषिपंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते. कधी दिवसा आठ तास, कधी रात्री. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आणि तिचा दुसरा टप्पा २०२३ पासून दिवसा वीज देण्यासाठी राबविला जात आहे आणि त्याचा लाभ काही भागांत दिसू लागला आहे. परंतु 'रात्रीची लाईट' म्हणजे काय, हे या दोन जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबाला समजावून सांगावे लागत नाही. मध्यरात्री उसाच्या फडातून बॅटरी घेऊन मोटर चालू करण्यास जायचे. पायाखाली साप असण्याची भीती. शिराळा, पाटण, कऱ्हाड या पट्ट्यात बिबट्याची भीती. घरी आई आणि पत्नी जाग्या. ही नड खरी आहे, जिवाशी निगडित आहे.

या नडीवर शेतकऱ्यांनी आणि गावच्या वायरमननी जो पहिला उपाय काढला तो म्हणजे ऑटोस्विच. स्टार्टरला हे साधन जोडले की वीज येताच मोटर आपोआप सुरू होते. रात्री उठावे लागत नाही. एका घरापुरता हा उपाय उत्तम. पण एकाच डीपीवरच्या सर्वांनी तो बसविला म्हणजे काय होते? मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहापट प्रवाह खेचते. एकामागून एक मोटरी सुरू झाल्या तर डीपी तो भार सहन करते. वीज येण्याच्या एकाच क्षणी पंधरा-वीस मोटरी एकदम उठल्या तर दाब कोसळतो, फ्यूज उडतात आणि अनेकदा डीपीच जळते. मग नवी डीपी येईपर्यंत सर्वांचेच पीक उन्हात उभे. म्हणूनच ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करीत आले आहे.

घरची नड आणि शेजाऱ्याची कसोटी यांतले अंतर दाखविणारे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. येथे कोणाचा हेतू वाईट नाही. प्रत्येकाने आपली झोप आणि आपला जीव वाचविण्याचाच प्रयत्न केला. तरीही सर्वांचे मिळून नुकसान झाले, कारण उपाय प्रत्येकाने एकट्याने शोधला. एका डीपीवरचे शेतकरी एकत्र बसले आणि कोणाची मोटर वीज आल्यावर किती मिनिटांनी सुरू व्हावी हे ठरवून प्रत्येकाने तेवढा विलंब देणारा टायमर जोडला, तर तेच साधन निरुपद्रवी होते. त्यासाठी लागणारा टायमर महाग नसतो. अवघड असते ते एकत्र बसणे.

दुसरा उपाय मोबाईल फोनचा. जुना हँडसेट स्टार्टरच्या पेटीत ठेवायचा, त्याच्या घंटीच्या तारांवरून रिले चालवायचा, आणि घरून फोन केला की मोटर सुरू. थोडेसे इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या मुलाला हे जमते. परंतु चुकून कोणाचा राँग नंबर लागला तरी मोटर सुरू होते! विहिरीत पाणी नसेल तर ती कोरडी फिरून जळते. सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे, विहिरीत उतरून कोणी फूटव्हॉल्व्ह काढत असताना घरून फोन गेला, तर त्या माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून दुरून चालणाऱ्या प्रत्येक साधनाजवळ हाताने पूर्ण तोडता येणारा मेन स्विच असलाच पाहिजे आणि विहिरीत उतरण्यापूर्वी फ्यूज काढून खिशात ठेवण्याची शिस्त घरातील प्रत्येकाला हवी.

पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी याच कल्पनेला कसोटीवर घासून 'नॅनो गणेश' हे साधन तयार केले. दूरच्या पंपापर्यंत चालत जावे लागणाऱ्या आजोबांचे कष्ट त्यांनी पाहिले होते; त्यातून हा विचार सुरू झाला. त्यांच्या साधनात नुसता फोन लागून मोटर सुरू होत नाही, ठराविक सांकेतिक अंक दाबावे लागतात. वीज आहे की नाही, हे शेतकऱ्याला आवाजाच्या खुणेवरून घरबसल्या कळते. अक्षरओळख नसलेल्यालाही ते वापरता येते. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत या साधनाला पारितोषिक मिळाले. आजोबांची नड एका घरची होती. वर्षानुवर्षांच्या चाचण्यांनी ती हजारो घरांच्या उपयोगाची झाली.

फलटणची प्रयोगशाळा

घर आणि प्रयोगशाळा यांमधली भिंत जेथे पातळ झाली, असे एक गाव सातारा जिल्ह्यात आहे. ते फलटण. तेथे १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन झाली. अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेले डॉ. अनिल राजवंशी १९८१ मध्ये तेथे आले आणि खेड्यातील घरात उजेड व स्वयंपाक यांचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. 'नूरी' हा कंदील आणि पुढे दिवा व चूल यांचे काम एकाच साधनात करणारा 'लॅनस्टोव्ह' ही या संस्थेची निर्मिती. एका खोलीच्या घरात चुलीची उष्णता आणि दिव्याचा उजेड यांसाठी दोनदा इंधन का जाळावे, असा त्यामागचा साधा प्रश्न. २०२२ मध्ये डॉ. राजवंशी यांना पद्मश्री देण्यात आली.

याच फलटणशी निगडित असलेले दुसरे नाव डॉ. आनंद कर्वे यांचे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते नातू आणि इरावतीबाईंचे पुत्र. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या 'आरती' या संस्थेने उसाच्या पाचटाचा प्रश्न घेतला. ऊस तुटला की शेतात उरलेले पाचट पेटवून देण्याची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. हे पाचट बंद भट्टीत भाजून त्याची कोळशाची भुकटी आणि भुकटीपासून कांडीकोळसा तयार करण्याची रीत या संस्थेने बसविली. त्याला २००२ मध्ये इंग्लंडचे ॲश्डेन पारितोषिक मिळाले. त्याच कोळशावर चालणाऱ्या 'सराई' कुकरमध्ये सुमारे १०० ग्रॅम कोळशात एका कुटुंबाचा वरण, भात आणि भाजी शिजते.

स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस हे याच संस्थेचे काम. त्याला २००६ मध्ये तेच पारितोषिक पुन्हा मिळाले. त्यामागचा तर्क कोणत्याही गृहिणीला पटेल असा आहे. शेण म्हणजे गाईने ज्यातले सत्त्व आधीच काढून घेतले आहे असे अन्न. गॅस तयार करणाऱ्या जिवाणूंना शेणाऐवजी शिळा भात, पिठूळ पाणी, नासके फळ दिले तर थोड्या मालात आणि थोड्या वेळात पुष्कळ गॅस मिळतो. साधन म्हणजे बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या दोन टाक्या, एकात दुसरी उपडी. परंतु त्यालाही पथ्य आहे. खरकटे बारीक करून, मोजून घालावे लागते. एका दिवशी लग्नघरासारखे भरभरून घातले तर टाकीतील मिश्रण आंबते आणि गॅस बंद पडतो. थंडीत गॅस कमी मिळतो. हे पथ्य ज्या घरात पाळले गेले, तेथे संयंत्र टिकते. जेथे ते कोणी सांगितलेच नाही, तेथे टाक्या अंगणात उन्हात पडून राहतात. यंत्राबरोबर त्याची सवयही द्यावी लागते, हे येथे लक्षात येते.

या प्रयत्नांना उच्चशिक्षितांचा आधार होता म्हणून ते तडीस गेले, असे कोणी म्हणेल. जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीचे शेतकरी गोपाळ भिसे यांच्यापाशी पदवी नव्हती आणि बैलजोडीही परवडत नव्हती. त्यांनी सायकलचे पुढचे चाक आणि हँडल घेऊन त्याला कोळपे जोडले व हाताने ढकलावयाचे 'कृषिराजा' हे अवजार बनविले. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्याची दखल घेतली. त्यात सायकलचे भाग आहेत, म्हणजे कोणत्याही गावच्या सायकल दुकानात ते दुरुस्त होते. दुरुस्तीची अट त्यांनी शास्त्र न शिकता पाळली, कारण मोडल्यावर काम अडणार होते ते त्यांचेच.

हात आणि पुस्तक

आपल्या समाजात एक जुनी फट आहे. ज्याचा हात चालतो त्याला शास्त्र शिकविले गेले नाही आणि ज्याला शास्त्र शिकविले त्याने हात मळवू नयेत, असे मानले गेले. लोहार, सुतार, तांबट, गवंडी यांच्या ज्ञानाला आपण कसब म्हटले, विद्या म्हटले नाही. स्वावलंबनाचा आग्रह धरणाऱ्यांनी ही फट स्वतःच्या घरापासून बुजविली पाहिजे. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. दोन जिल्ह्यांत एवढी विद्या आणि एवढे कसब शेजारी शेजारी नांदत असताना त्यांची भेट का होऊ नये? अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पासाठी एखाद्या गावात आठवडाभर राहावे, तेथील कारागिराने घडविलेल्या वस्तूचे मोजमाप घ्यावे, तिच्या ब्रेकची, भाराची, तापण्याची चाचणी करून द्यावी. कारागिराला परवडत नसलेली कसोटी त्याला अशा रीतीने घरपोच मिळेल आणि विद्यार्थ्याला पुस्तकाबाहेरचा गुरू लाभेल.

यात एक सावधगिरीही हवी. कारागिराच्या कल्पनेचे श्रेय आणि मोल दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये. पेटंट कायद्यानुसार, अर्ज करण्यापूर्वी शोध जगजाहीर झाला तर तो सामान्यतः 'नवा' राहत नाही आणि हक्क मिळणे कठीण होते. आज उत्साही तरुण आधी मोबाईलवर चित्रफीत पसरवितात आणि हक्काचा विचार मागाहून करतात. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणारी स्वायत्त संस्था २००० मध्ये स्थापन झाली. तळागाळातील शोधांची नोंद घेणे, हे तिचे कामच आहे. तेथपर्यंत अर्ज पोहोचविण्यास कारागिराला मदत करणे, हे कोणत्याही कार्यकर्त्याला जमण्याजोगे काम आहे. त्यासाठी व्यासपीठ लागत नाही, कागद आणि दोन दिवस लागतात.

कार्यकर्त्याने काय करावे?

मग प्रारंभ कोठून करावा? आपल्या वस्तीतून करावा. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक गावात असा एखादा माणूस असतोच, ज्याच्या घरी पाण्याची टाकी भरली की आपोआप घंटा वाजते, ज्याने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी उशाशी हाकेची कळ बसविली आहे, ज्याच्या पत्नीने शेंगा फोडण्याच्या यंत्राला शिलाई मशीनचा पायटा जोडला आहे. त्यांना शोधावे. गणेशोत्सवात आपण देखावे उभारतो. एक दिवस या वस्तूंचे प्रदर्शन मांडावे. पण पारितोषिक ज्याच्या त्याच्या हातात देऊन मोकळे होऊ नये. ती वस्तू शेजारच्या घरी एक महिना वापरावयास द्यावी आणि महिन्याने त्या घरच्या गृहिणीला पाच प्रश्न विचारावेत. तुम्हांला ती एकटीने चालविता आली का? मोडली तेव्हा गावात दुरुस्त झाली का? वापरताना कोणाला इजा झाली का किंवा होता होता वाचली का? तिच्यासाठी किती पैसे मोजावयास तुम्ही तयार आहात? आणि ती परत नेली तर तुमचे काही अडेल का?

शेवटच्या प्रश्नाला 'हो' असे उत्तर मिळाले, तर त्या वस्तूवर पुढचे काम करण्याजोगे आहे. बाकीच्या उत्तरांतून काय सुधारावयाचे ते कळेल. उत्तर 'नाही' आले, तर तेही कारागिराला आदराने सांगावे. लोखंडी नांगर घडविणाऱ्यालाही दोन वर्षे 'नाही' ऐकावे लागले होते. आपल्या घरातील मुलांच्या हातात पुस्तकाबरोबर पाना आणि पेचकस द्यावा, बिघडलेली इस्त्री त्यांना प्लग काढून, मोठ्यांच्या देखत उघडू द्यावी, आणि त्यांनी काही जोडले तर पहिला प्रश्न हा विचारावा की, हे शेजारच्या काकूंना चालवता येईल का?

येत्या उत्सवापूर्वी आपल्या वस्तीतील निदान तीन घरांतील अशा वस्तूंची, त्या घडविणाऱ्यांच्या नावांसह नोंद प्रत्येकाने करावी, एवढीच या निमित्ताने विनंती.